खिडकीवरचे अकरा सेकंद

मी डेटाबेसचं काम करते असं सांगितलं की आमच्या नागावात लोक मला प्रिंटर दुरुस्त करायला बोलावतात. एकदा तर शेजारच्या होमस्टेवाल्याने गीझर बघायला बोलावलं होतं. सुरुवातीला मी समजावून सांगायचे, हल्ली सोडून दिलं आहे. तरी या लिखाणात थोडं समजावणं आलंच, कारण माझ्या हातून जे झालं ते त्या कामाच्या पोटातच झालं. कुणाशी भांडण नव्हतं, कुणाचा राग नव्हता. मी एक ओळ लिहिली आणि तिच्यामुळे माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचं जे व्हायचं ते झालं.

आमचं ऑफिस अलिबागला, एका कापडाच्या दुकानाच्या वर. आम्ही सहा जण. मी आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करते, मागच्या वाडीत नारळ पडल्याचा धप्प आवाज आला की फोनवरचे लोक विचारतात काय झालं. एका धर्मादाय संस्थेच्या इस्पितळाचं काम आमच्याकडे आलं. एक मोठं इस्पितळ आणि किनाऱ्यालगत पाच लहान केंद्रं. सगळीकडे केसपेपर कागदावर निघायचे, ते कम्प्युटरवर आणायचे होते. सहाही ठिकाणचे पेशंट एकाच तक्त्यात ठेवायचे, प्रत्येक माणसाची एक ओळ: नाव, वय, गाव, फोन, कोणत्या विभागात येतो, शेवटचा कधी आला.

पहिल्याच बैठकीत तिथल्या मोठ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "एका केंद्राची माणसं दुसऱ्या केंद्राला दिसता कामा नयेत." आमच्या ऑफिसच्या साहेबांनी विचारलं, संस्था एकच आहे, मग हरकत काय? बाई हसल्या. तुम्ही इथलेच ना, म्हणाल्या. आपल्याकडे गावात शिंक आली तरी चौथ्या घरी कळतं. आमच्याकडे निम्मी माणसं मुद्दाम लांबच्या केंद्रात येतात, पूल ओलांडून येतात, तरीत बसून खाडी पार करून येतात, कारण तिथे त्यांना कुणी ओळखत नाही. त्यांचं नाव परत त्यांच्याच गावच्या खिडकीवर उमटायला लागलं तर ती येणं बंद करतील.

मला ते एकदम पटलं. म्हणून मी तो नियम पडद्यावर न लिहिता थेट डेटाबेसमध्ये, म्हणजे ओळी साठवल्या जातात तिथेच, लिहिला. यातला फरक असा की पडद्यावर लिहिलेला नियम म्हणजे नुसता पडदा, बाजूला सारला की पलीकडचं दिसतं. डेटाबेसमधल्या नियमात विचारणारा कोण आहे हे बघून डेटाबेसच ठरवतो की याला कोणत्या ओळी द्यायच्या. बाकीच्या ओळी त्याच्यापुरत्या अस्तित्वातच नसतात. हे मी केलं तेव्हा माझी कॉलर ताठ झाली होती, हे कबूल करते. चार लोकांना सांगितलंही.

त्या चार लोकांत एक माझी ती मैत्रीण होती. पाचवीपासून एका बाकावर बसलेलो आम्ही. ती चौलच्या बाजूला प्राथमिक शाळेत शिकवते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तिला पहिल्यांदा फिट आली, एसटी स्टँडवर, माझ्या डोळ्यांसमोर. घरच्यांनी लोकांना ऊन लागलं म्हणून सांगितलं आणि पुढे प्रत्येक वेळी ऊनच लागत गेलं, अगदी डिसेंबरातसुद्धा. नंतर औषध लागू पडलं. गोळी चुकवली नाही तर तिला काही होत नसे. पण गोळ्या आणि डॉक्टर दोन्ही तिने गावापासून लांब ठेवले. महिन्यातून एका बुधवारी अर्धी रजा टाकायची, रेवदंड्याचा पूल ओलांडायचा आणि पलीकडच्या केंद्रात जायचं. तिथे एक वयस्कर सिस्टर होत्या. त्या हिला पंख्याखालची खुर्ची धरून ठेवायच्या आणि जेवली नाहीस ना म्हणून ओरडायच्या. ती त्यांच्याबद्दल सासूबद्दल बोलावं तसं, तक्रारीच्या सुरात आणि प्रेमाने बोलायची.

त्या केंद्रात कम्प्युटर बसला तेव्हा ती घाबरली. माझ्याकडे आली, चहा गार होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलली आणि मग विचारलं, "हे आमच्या इकडच्या खिडकीवर दिसणार का गं?"

"नाही," मी म्हणाले. "तिथलं तिथेच. तो नियम मीच लिहिलाय."

"नक्की?"

"अगं मी लिहिलाय म्हटलं ना."

तिने लगेच विश्वास ठेवला. मी म्हटलं म्हणजे झालंच, असा तिचा माझ्याबाबतीत कायमचा खाक्या होता.

पहिलं वर्ष सुरळीत गेलं. दुसऱ्या वर्षी जुने कागदही भरून घेतले आणि ओळी भराभर वाढल्या. मग तक्रारी सुरू झाल्या, आणि त्या सगळ्यात मोठ्या आवाजात आल्या त्या माझ्या घरातूनच. आमच्या बाजूच्या केंद्रात केसपेपरच्या खिडकीवर माझी सख्खी मावशी बसते. ती नोकरी तिची आमचं हे काम येण्याच्याही आधीपासूनची. तिचा रोज एक फोन यायचा. नाव टाकलं की गोल फिरत बसतं, मी काय करू, आरती म्हणू?

एक दिवस मी स्वतः जाऊन तिच्या मागे उभी राहिले. खिडकीबाहेर रांग उन्हात गेली होती. एका आजोबांनी नाव सांगितलं, मावशीने ते टाकलं, 'शोधा' दाबलं आणि हाताची घडी घालून माझ्याकडे बघत बसली. मी मोबाइलवर मोजलं. अकरा सेकंद. ऐकायला काहीच नाही, पण खिडकीच्या दोन्ही बाजूंना माणसं गप्प उभी असली की अकरा सेकंद फार मोठे होतात. आजोबांना वाटलं आपलंच नाव चुकलं, त्यांनी ते पुन्हा मोठ्याने सांगितलं.

"बघितलंस?" मावशी म्हणाली. "दर माणसाला हे असं. लोक कम्प्युटरला शिव्या देत न्हायत, मला देतात."

कारण मला घरी पोचायच्या आतच कळलं होतं. नियम बरोबर होता, पण मी तो आळशीपणे लिहिला होता. ओळ द्यायची की नाही हे ठरवायला डेटाबेस प्रत्येक ओळीमागे कर्मचाऱ्यांच्या तक्त्यात जाऊन बघत होता की विचारणारी बाई कोणत्या केंद्राची. दारावरच्या माणसाने प्रत्येक पाहुण्यासाठी आत जाऊन घरमालकाला विचारून यावं, तसं. शिवाय नावं चटकन सापडावीत म्हणून मी जी सूची करून ठेवली होती, ती या नियमापुढे वापरलीच जात नव्हती. आधी सगळ्या ओळींची झडती, मग नावाचा शोध. काही हजार ओळी असताना हे जाणवलं नाही. लाखांवर गेल्यावर खिडकीवर जाणवलं.

यावर दोन उपाय होते. एक, नियम नीट लिहायचा. बाई कोणत्या केंद्राची हे तिने सकाळी काम सुरू केलं की एकदाच विचारून लक्षात ठेवायचं आणि सूची केंद्राप्रमाणे नव्याने बांधायची. मग सहाही ठिकाणी तपासून बघायचं. दुसरा उपाय एका ओळीचा होता. खिडकीवरच्या लोकांना त्या नियमातून सूट द्यायची आणि केंद्राची गाळणी पडद्यावर लावायची. म्हणजे भिंत काढून पडदा टांगायचा.

तो शुक्रवार होता. दुपारी साडेतीन वाजले होते, ऑफिसातून फोनवर फोन येत होते आणि आम्ही पर्यटकांना भाड्याने देतो त्या खोल्यांत शनिवार-रविवारचे पाहुणे यायचे होते. नवरा दारातून दोनदा डोकावून गेला, खोल्यांच्या चाव्या कुठे आहेत विचारत. मी ती एक ओळ लिहिली. वहीत टीप केली: 'पुढच्या आठवड्यात नियम नीट लिहिणे.' ती वही अजून माझ्याकडे आहे आणि त्या टिपेवर अजून खूण केलेली नाही.

सोमवारी मावशीचा फोन आला, नाव टाकलं की दोन सेकंदांत येतं म्हणून. ऑफिसात साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मावशीने जवळ्याची चटणी पाठवली, ती आम्ही आठवडाभर पुरवून खाल्ली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम अंगावर आलं. त्याच्या पुढच्या आठवड्यातही आलं. तक्रार थांबली की आमच्या धंद्यात ती गोष्ट संपली असं धरतात, आणि मी काही धंद्याबाहेरची नव्हते.

पडद्यावर 'केंद्र' नावाचा एक चौकोन होता. त्यात ज्या-त्या खिडकीचं केंद्र आपोआप भरलेलं असे. तो चौकोन कुणी रिकामा केला तर सगळ्या केंद्रांच्या ओळी येणार होत्या. मला हे ठाऊक होतं. मी स्वतःला म्हटलं होतं, कोण कशाला रिकामा करतंय.

खिडकीवरची माणसं हुशार असतात. रोज शंभर वेळा तोच पडदा बघणाऱ्याला त्यातली प्रत्येक फट सापडते. एक म्हातारी यायची, कार्ड हरवलेलं, मागे कुठल्या केंद्रात गेले होते तेही आठवत नाही. मावशीने सहज चौकोन रिकामा केला आणि म्हातारीचं नाव सापडलं. म्हातारीने मावशीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मावशीने ही युक्ती बाकीच्या खिडक्यांनाही शिकवली. कुणाचा त्यात वाईट हेतू नव्हता, उलट लोकांची सोय होत होती. काही बिघडलं नाही, म्हणून मला कुणी फोनही केला नाही.

त्याच सुमारास माझ्या मैत्रिणीला एक स्थळ आलं. मुलगा न्हावा शेव्याला कंटेनर यार्डाच्या ऑफिसात होता. वय दोघांचंही तिशीपुढचं, त्यामुळे फार नखरे नव्हते. पहिली भेट अलिबागला झाली, घरच्यांना बाजूला ठेवून दोघंच. ती तिथून थेट माझ्याकडे आली. इतकी मोकळी मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. तो कसा बोलतो, कंटेनरवरचे नंबर कसे पाठ म्हणून दाखवतो, वडापाव खाताना मिरची कशी बाजूला काढून ठेवतो, सगळं सांगितलं. मी विचारलं, आजाराचं काय?

"पुढच्या भेटीत सांगणार. मीच सांगणार. आधी त्याने मला बघू दे, फिटची ओळख नंतर करून देईन." मग थोडं थांबून म्हणाली, "तो नाही म्हणाला तरी चालेल गं. पण ते त्याने माझ्याकडून ऐकून म्हणावं."

एवढंच तिला हवं होतं. आयुष्यभर तिच्या आजाराबद्दल दुसरेच बोलले होते, आई ऊन लागलं म्हणाली होती, मामा अशक्तपणा म्हणाला होता. एकदा तिला स्वतः बोलायचं होतं.

पुढची भेट झालीच नाही. त्यांच्याकडून नकार आला, आणि तोही मुलाकडून नाही, मुलाच्या काकूकडून, हिच्या आईला फोनवर. मुलीला फिट येतात हे तुम्ही लपवलंत, आमची फसवणूक केलीत. मैत्रीण माझ्याकडे आली तेव्हा रडून झालेलं होतं, नुसता राग उरला होता.

"घराबाहेर दोघींनाच माहीत होतं," ती म्हणाली. "तुला आणि सिस्टरना. तुझा तर प्रश्नच नाही."

मला तेव्हा खरंच काही सुचलं नाही. माझी ती एक ओळ माझ्या डोक्यात आलीच नाही. उलट मी भडकले. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात तिचं असं झालेलं. मी म्हटलं, त्या बाईला सोडू नकोस, जाऊन जाब विचार, चार लोकांसमोर विचार, म्हणजे दुसऱ्या कुणाचं असं करणार नाही. ती भिडस्त, एकटी गेली नसती. मी तिला अक्षरशः ढकलून पाठवलं.

ती गेली आणि बुधवारच्या गर्दीत, सगळ्या पेशंटांसमोर, त्या सिस्टरना नाही नाही ते बोलली. सिस्टर म्हणे फक्त एवढंच म्हणाल्या की बाळा, मी का सांगेन. हिला तेही ढोंग वाटलं. त्या दिवसापासून तिने त्या केंद्रात जाणं बंद केलं.

पुढच्या रविवारी मावशी आमच्याकडे जेवायला आली. जेवण झाल्यावर ती पडवीत बडीशेप खात बसली आणि सांगायला लागली. तिच्या नणंदेच्या पुतण्याचं कुठे जमत होतं. मुलगी चौलकडची, म्हणून नणंदेने मावशीला चौकशी करायला सांगितलं होतं. आमच्याकडे ही रीतच आहे. लग्न जमवायचं म्हणजे मुलीच्या गावच्या ओळखीच्या माणसाला विचारायचं, आणि ज्याला विचारलं त्याने नीट माहिती काढून द्यायची. दिली नाही आणि पुढे काही निघालं तर दोष त्याच्या माथी. पूर्वी यासाठी दुकानदाराला, शेजारणीला, मास्तरांना विचारायचे. मावशीने खिडकीत बसून नाव टाकलं, चौकोन रिकामा केला आणि शोधा दाबलं.

"पुलापलीकडच्या केंद्रात दर महिन्याला येते. फिट्सच्या विभागात," मावशी म्हणाली. "तुझ्या लग्नात नाचली ती तीच ना? मला वाईटच वाटलं गो. पण उद्या नणंद म्हणाली असती, हिला ठाऊक हाय आणि हिने सांगितलं न्हाय. तुझ्या कम्प्युटरमुळे कळलं तरी."

मी हातातला तांब्या खाली ठेवला. मी तिथेच पायरीवर बसले. मी विचारलं, तू दुसऱ्या केंद्राचं बघितलंसच कशाला? ते बघायचं नसतं, मावशी.

मावशी दुखावली. "दिसत होतं म्हणून बघितलं. बघायचं नव्हतं तर दाखवलंस कशाला?"

मावशीने केलं ते चूकच होतं. पण तिच्या हाताला ते लागेल असं मी ठेवलं होतं.

मावशी गेल्यावर मी लगेच लॅपटॉप उघडला. नियम नीट लिहिला, केंद्र एकदाच विचारून लक्षात ठेवायची सोय केली, सूची नव्याने बांधली, खिडक्यांची सूट काढून टाकली. चौकोन रिकामा केला तरी आता आपल्याच केंद्राच्या ओळी येत होत्या. कार्ड हरवलेल्यांसाठी वेगळी सोय केली, त्या माणसाच्याच फोनवर आकडा जाईल आणि त्याने तो सांगितला तरच त्याची एक ओळ उघडेल. दोनला बसले होते, साडेपाचला उठले. मग वेळ मोजली. सेकंदसुद्धा लागत नव्हता. भिंत काढून मिळवलेल्या वेगापेक्षा भिंतीसकटचा वेग जास्त होता. मला तो आकडा बघवेना.

इतकी वर्षं मी नव्या मुलांना शिकवत आले की सुरक्षा हवी तर थोडा वेग सोडावा लागतो, वेग हवा तर थोडी सुरक्षा. ते खोटं नाही. नियम तपासायला काहीतरी किंमत पडतेच. पण मी जी सुरक्षा सोडली होती ती त्या किमतीपायी नव्हती. मी एक दुपार वाचवली होती आणि तिला नाव दिलं होतं वेगाचं.

सोमवारी साहेबांना कळवलं: खिडकीवरच्या परवानग्या नीट केल्या, वेग वाढला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांनी परत शाबासकी दिली. मधल्या काळात काय काय दिसत होतं आणि त्यातून काय झालं, हे मी लिहिलं नाही. डॉक्टरबाईंनाही सांगितलं नाही. आणि तिलाही नाही.

चार महिने मी गप्प राहिले. याची कारणं मी स्वतःला बरीच दिली. आता सांगून नकार थोडाच फिरणार आहे, उगाच मावशीचं नाव येईल, तिची नोकरी जाईल. खरं कारण असं की तिने 'तुझा तर प्रश्नच नाही' म्हटलं होतं, आणि ते वाक्य मला सोडवत नव्हतं. ती भेटायची, शाळेतल्या गमती सांगायची, मधूनच सिस्टरना शिव्या द्यायची. मी ऐकून घ्यायचे. एकदा तर मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला जितकी लाज वाटते तितकी त्या शुक्रवारचीही वाटत नाही.

गोळ्यांचं मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. केंद्रात जायचं बंद केल्यावर ती मुंबईला जाणाऱ्या कुणाकुणाकडून गोळ्या मागवत होती, कधी मिळायच्या, कधी चार दिवस मध्ये जायचे. कोणत्याही दवाखान्यात नाव लिहायला ती तयार नव्हती. शाळेत सकाळच्या प्रार्थनेला मुलांसमोर उभी असताना तिला फिट आली. पायरीच्या कडेवर तोंड आपटलं. पुढचा एक दात तुटला, ओठाला टाके पडले, आणि पहिली ते चौथीच्या सगळ्या मुलांनी ते पाहिलं.

मी तिसऱ्या दिवशी गेले. ती खिडकीशी उशी टेकून बसली होती, ओठ सुजलेला, मांडीवर मुलांच्या वह्या. आई आत गेल्यावर मी म्हटलं, सिस्टरनी सांगितलं नव्हतं, माझ्यामुळे कळलं. आणि मग सगळं सांगितलं, मावशीसकट. रडत रडत सांगावं असं वाटत होतं, पण तेवढं स्वस्तात सुटायला नको म्हणून कोरड्या आवाजात सांगितलं. ती मास्तरीण, मध्ये बोलली नाही. शेवटी एकेक प्रश्न विचारला. ओठामुळे हळू बोलत होती.

"म्हणजे बंद होतं, ते तू उघडलंस."

"हो."

"का?"

"खिडकीवर अकरा सेकंद लागत होते."

"आता किती लागतात?"

"सेकंदही नाही. आणि आता बंदच आहे, पहिल्यासारखं."

तिने वहीवर पेन आडवं ठेवलं. "मग दोन्ही होत होतं."

"एक दुपार लागली असती."

मला वाटलं आता ती ओरडेल, आणि मला ते हवं होतं. तिने विचारलं, "उघडताना मी आठवले होते का तुला?"

खोटं बोलता आलं असतं. आठवली होतीस, पण नाइलाज झाला, असं म्हटलं असतं तर कदाचित तिला बरं वाटलं असतं. मी नाही म्हणाले. तिने मान हलवली आणि वही पुढे ओढली.

मी म्हटलं, सिस्टरकडे मी येते, मी सांगते त्यांना. ती नको म्हणाली. पुढच्या बुधवारी ती एकटीच पूल ओलांडून गेली. तिथे काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. एवढं कळलं की आता ती पुन्हा दर महिन्याला जाते. डॉक्टरबाईंना मी नंतर सगळं लिहून दिलं, साहेबांनाही. मावशीला खिडकीवरून उठवून औषधांच्या कपाटाकडे बसवलं, ती माझ्याशी वर्षभर तुटक वागली. ऑफिसात मला कुणी फारसं बोललं नाही. सर्वांनाच असे शुक्रवार येऊन गेलेले असतात.

आमची भेट होते. लग्नाकार्यात, बाजारात, कधी ती नागावला तिच्या वर्गाची सहल घेऊन येते तेव्हा. ती हसते, तब्येत विचारते, माझ्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी करते. अबोला नाही, टोमणा नाही. पहिल्या पहिल्यांदा मला वाटलं, चला, निभावलं.

मागच्या महिन्यात मावशी घरी आली होती. बोलता बोलता म्हणाली, तुझ्या चौलच्या मैत्रिणीचं जमलं म्हणे, पेणकडचा मुलगा हाय, तारीखही ठरली. तुला ठाऊक असेलच. मी म्हटलं, हो. मला ठाऊक नव्हतं. आजाराचं तिने त्याला सांगितलं का, कधी सांगितलं, ऐकून तो काय म्हणाला, हे तिने ज्यांना सांगायचं त्यांना सांगितलं असेल. मी त्यांच्यात नाही.